हॉट रनर मोल्डचा २४ पिनी कनेक्टर : या चुका टाळा

हॉट रनर मोल्ड म्हणजे ज्याच्या आतल्या वाटांमधलं प्लास्टिक हीटर वितळलेलं ठेवतात तो साचा. त्यातला स्वतंत्रपणे तापवला जाणारा एकेक भाग म्हणजे झोन, आणि हीटरांना वीज या कनेक्टरमधून मिळते. मोल्डिंग शॉपमधून फोन येतो, ‘झोनचा हीटर गेलाय.’ मी आधी एकच विचारतो, ‘कनेक्टरचा हूड, म्हणजे वरचं झाकण, उघडून बघितला का?’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘नाही, पण हीटरच गेलाय.’

भोसरीतल्या एका कारखान्यात बारा झोनच्या मोल्डचा सातवा झोन रात्रपाळीत २४० अंशांवरून घसरायचा. केबलला धक्का लागला की पुन्हा चढायचा. खरं तर या एका खुणेवरूनच कळायला हवं होतं. हीटरची कॉइल तुटली तर ती धक्क्याने बरी होत नाही. पण घाई होती. मोल्ड उतरवला, खोलला, नवा हीटर घातला, पहाटे परत चढवला. दोन तासांत सातवा झोन पुन्हा खाली.

मी पोचलो, मेन बंद केला, चार स्क्रू काढून हूड उचलला आणि जळक्या प्लास्टिकचा वास नाकात गेला. इन्सर्ट, म्हणजे पिना बसवलेला आतला प्लास्टिकचा ठोकळा, मूळचा फिकट राखाडी, पण सात नंबरच्या भोवती चहाच्या डागासारखा तपकिरी झाला होता. स्क्रू अर्धा आटा ढिला. वायर दोन बोटांनी धरली तर सरळ हातात आली. टोक घट्ट, गुळगुळीत : सोल्डर मारलेलं.

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. मल्टिस्ट्रँड वायरचे धागे पसरतात म्हणून टोकाला सोल्डर मारायचं आणि स्क्रूखाली दाबायचं. पहिल्या दिवशी जोड छान घट्ट लागतो. पण सोल्डर मऊ धातू आहे. सतत दाबाखाली तो हळूहळू सरकतो आणि स्क्रूची पकड जाते. त्यात हीटर दिवसभर चालू-बंद होतो, जोड तापतो, निवतो. जोडाचा रेझिस्टन्स अर्धा ओहम जरी झाला, तरी ५ अँपिअरला तिथे साडेबारा वॅट उष्णता तयार होते, तीही ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत. उष्णतेने धातूवर काळा थर येतो, त्याने रेझिस्टन्स वाढतो, मग आणखी उष्णता.

वायरिंग करणारा मुलगा नुकताच आयटीआय करून आलेला, कामाला मन लावणारा. जोड पक्का व्हावा म्हणूनच त्याने सोल्डर मारलं होतं. मला राग येतो तो शेजारी उभं राहून ‘चालतंय रे, मार’ म्हणणाऱ्या जुन्या माणसांचा.

माझी पद्धत अशी : स्क्रू टर्मिनल असेल तर टोकाला मापाची एंड सीलिंग लग, म्हणजे धाग्यांवर चढवायची धातूची नळी, तीही तिच्याच टूलने दाबलेली. स्क्रूला टॉर्क स्क्रूड्रायव्हर. एम-३ स्क्रूला साधारण ०.५ न्यूटन-मीटर, नेमका आकडा कंपनीच्या कागदावर असतो. मग प्रत्येक वायर एकदा ओढून बघायची, चोवीसच्या चोवीस. पहिल्यांदा मोल्ड तापून निवला की मेन बंद करून सगळे स्क्रू पुन्हा एकदा. क्रिंप पिन, म्हणजे स्क्रूशिवाय वायरवर दाबून बसवायची पिन, असेल तर पुरतं दाबल्याशिवाय न सुटणारं रॅचेट टूलच लागतं. पिनेच्या बारीक भोकातून तांबं दिसलं पाहिजे. पकडीने चेपलेली पिन मी कापून टाकतो, मग समोरचा कितीही नाराज होवो.

दुसरी चूक माणसाच्या जिवाशी खेळणारी आहे. सप्लायकडून येणाऱ्या केबलवर नेहमी सॉकेट, म्हणजे मादी बाजू. बाहेर आलेल्या पिना लोडकडे, म्हणजे मोल्डवर. घाईत कोणी उलटं जोडलं की केबल मोल्डवरून निघाल्यावर २३० व्होल्टच्या उघड्या पिना हेल्परच्या हातात. बऱ्याच तापमान कंट्रोलरांत थर्मोकपलचा, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांचा, कनेक्टर मुद्दाम याच्या उलट ठेवलेला असतो, मोल्डवर मादी, म्हणजे पॉवरची केबल चुकून थर्मोकपलवर बसूच नये. ‘हाताशी होता’ म्हणून नराच्या जागी मादी किंवा मादीच्या जागी नर इन्सर्ट बसवणारा हे दोन्ही बंदोबस्त एका झटक्यात मोडतो. मी असा मोल्ड मशीनवर चढवू देत नाही. माल अडलाय हे कारण मला पटत नाही.

हीटर चालू असताना कनेक्टर ओढू नका. हे कनेक्टर लोड तोडायला बनवलेले नसतात. ठिणगीने पिनेवरचा चांदीचा मुलामा जातो आणि पुढचं दुखणं तिथून सुरू होतं.

इन्सर्टवर १६ अँपिअर छापलंय म्हणून चोवीस पिनांना एकदम १६ अँपिअर देऊ नका. तापलेल्या मोल्डवर तर मुळीच नाही.

कनेक्टर बंद करणारी लिव्हर बसत नसेल तर हातोडी नको. वाकलेली पिन शोधा.

जे टाइप थर्मोकपलची लाल वायर बघून ‘लाल म्हणजे प्लस’ करू नका. अमेरिकी रंगांत लाल ही मायनस असते. उलटी जोडली तर झोन तापतो तसा आकडा खाली जातो, कंट्रोलर आणखी पॉवर देतो आणि हीटर खरोखरच जळतो. माझ्या खिशात लहान लोहचुंबक असतं. जे टाइपमध्ये प्लसची तार लोखंडाची, म्हणून ती चिकटते. के टाइपमध्ये मात्र मायनसची चिकटते, हे विसरू नका. शेवटी एकेक झोन थोड्या पॉवरवर चालू करून त्याचाच आकडा चढतो ना, हे मी स्वतः बघतो. बारा झोनला अर्धा तास लागतो.

भोसरीतला तो मुलगा आता त्याच शॉपची वायरिंग बघतो. स्क्रू कधी तपासले त्याची तारीख तो हूडच्या आत मार्करने लिहून ठेवतो.