इंजिन खोलताना पुठ्ठा जवळ ठेवा

डिझेल इंजिन खोलणं अर्ध्या दिवसाचं काम. पण क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ग्राइंडिंगला गेला की आठ-पंधरा दिवस जातात, आणि मग कुठला पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला ढकलणारी दांडी) कुठला, काही आठवत नाही.

जाड पुठ्ठा घ्या, लग्नातल्या साडीचा खोका उत्तम. त्यावर हेडचा, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचा, आकार काढा, बोल्टच्या जागी भोकं पाडा, निघेल तसा बोल्ट त्यातच खोचा. पुशरॉडही तसेच, वरचं टोक वरच. फॅनच्या बाजूला ठळक खूण करा. आणि पेन्सिलनेच लिहा. पेनाची शाई डिझेल लागलं की पसरते. खानापूरच्या पावसाळ्यात पुठ्ठा लोंबतो, तेव्हा तो फळीवर ठेवा.

पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या कॅपची, म्हणजे क्रँकभोवती बसणाऱ्या खालच्या सुट्या तुकड्याची, अदलाबदल अजिबात चालत नाही. खोलण्याआधीच रॉड आणि कॅप दोन्हींवर, एकाच बाजूला, सेंटर पंचने ठिपके द्या: पहिल्या सिलिंडरला एक, दुसऱ्याला दोन.

मात्र बऱ्याच नव्या गाड्यांत कॅप कारखान्यातच तोडून वेगळी केलेली असते, सांधा खडबडीत दिसतो. तिथे पंच मारू नका, पेंटने खूण करा. तो सांधा घासून साफही करायचा नाही.