शब्द टाकून सुटलेल्या अकरा केसेस

समाजकार्यकर्ती म्हणून नोकरीच्या पहिल्या वर्षी संस्थेत माझ्याबद्दल म्हणायचे, "हिच्याकडे केस गेली की सुटतेच." मला ते ऐकायला फार गोड वाटायचं. आता आठवलं की कानकोंडं होतं.

केसवर्क म्हणजे एकेका माणसाच्या अडचणीवरचं काम, गृहभेटी, नोंदी हे सगळं या कामात नव्याने येणारे तुम्ही शिकूनच आला असाल, त्यात शिरत नाही. मी जिथे फसले तेवढंच सांगते आणि जरा पाल्हाळ लावते, कारण या खड्ड्यात पडताना लागत नाही, वर शाबासकी मिळते.

एका बाईंचा पेन्शनचा अर्ज नामंजूर झाला. दोन कागदांवर नाव वेगळं, म्हणजे एका वेलांटीचा फरक. तिथल्या साहेबांशी माझं बरं होतं. शब्द टाकला, काम झालं, बाईंनी दोन्ही हात धरले. मग तसाच दुसरा अर्ज आला, तिसरा आला. दीड वर्षाने साहेबांची बदली झाली आणि नव्या मॅडम ओळख द्यायला तयार नाहीत. म्हणून जुन्या केसफायली काढून बसले. अकरा अर्ज, अकराही वेलांटी-उकारावर अडलेले, आणि प्रत्येकाखाली माझ्याच अक्षरात: "पाठपुरावा केला. प्रश्न सुटला."

कसला सुटला? अकरा जणींना मी रांगेतून पुढे काढलं होतं, एवढंच. ज्यांना मी भेटलेच नाही त्या कागद घेऊन मुकाट्याने घरी गेल्या असणार, त्यांची नोंद कोणाच्याच वहीत नाही. त्याहून वाईट म्हणजे नियम जाचक आहे हे वर कळायची वाटच मी बुजवली होती. तक्रार पोचायच्या आधी मी ती गोडीगुलाबीने मिटवत होते.

समाजकार्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, जेन ॲडम्स यांनी 1889 मध्ये शिकागोत हल हाउस हे गरीब वस्तीतलं सेवाकेंद्र सुरू केलं हे परीक्षेपुरतं सगळ्यांनाच पाठ असतं. मला त्यांचं 1895 सालचं काम जास्त जवळचं वाटतं. वस्तीतला कचरा उचलला जात नव्हता, आजारपण आणि मृत्यू वाढत होते. आजाऱ्यांची शुश्रूषा तर चालूच होती, पण बाईंनी कचरा निरीक्षकाचं पद घेतलं आणि भल्या पहाटे कचरागाड्यांच्या मागे फिरू लागल्या.

"आम्ही पगारी माणसं, आम्ही कुठे धोरणावर बोलणार?" असं मीही म्हणायचे. समाजकार्याची जागतिक व्याख्या 2014 मध्ये मेलबर्नला मंजूर झाली, तिच्या गाभ्यात मानवी हक्कांसोबत सामाजिक न्याय आहे. समाजकार्याची 2018 ची जागतिक नीतितत्त्वं तर स्पष्टच सांगतात की अन्यायकारक धोरण दिसलं तर ते मालक संस्थेच्या, धोरणकर्त्यांच्या, लोकांच्या नजरेला आणा. म्हणजे हा हौसेचा जादा तास नाही. पण घाबरू नका, स्वतःच्या जिवावर बेतत असेल तर पाऊल उचलायची सक्ती नाही, हेही तिथेच लिहिलंय. मला हे वाचून पहिल्यांदा नीट झोप लागली होती.

आता नोंदीत एक रकाना वाढवलाय: "काय कारण देऊन नाकारलं", तेही कार्यालयाच्याच शब्दांत. एकच कारण तिसऱ्यांदा दिसलं की तोंडी विनंती बंद, लेखी निवेदन. तातडीची केस असेल तर अजूनही शब्द टाकते, उपाशी माणसाला तत्त्व सांगून पाठवायचं नसतं. पण नोंद करूनच. आणि प्रत्येक गोष्टीला "छान, छान" म्हणणारे सुपरवायझर टाळा. "बाराव्या बाईचं काय?" असं विचारणारं कोणी मला तेव्हा भेटलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं. कॉपी-पेस्ट केस रेकॉर्डबद्दल तर बोलायलाच नको. त्यात वेलांटी कधीच दिसत नाही.

पहिलं निवेदन मी घाईने, सगळ्यांची नावं घालून, कोणालाही न विचारता लिहिलं. त्यातल्या एका बाईंनी मला चांगलंच फैलावर घेतलं: "माझं नाव तिथे चुकीचं होतं म्हणून अडलं, आणि तुम्ही ते न विचारता आणखी एका कागदावर लिहिलंत?" कागद फाडला. दुसरा मसुदा त्यांनी सांगितला, मी लिहून घेतला, आणि द्यायला आम्ही सात जणी गेलो. मॅडमनी पोच दिली. उत्तर यायला चार महिने लागले: किरकोळ फरकासाठी स्वयंघोषणापत्र चालेल. आडनाव बदललेल्यांचं मात्र अजून अडलेलंच आहे, त्या फायलीत सध्या पाच नोंदी आहेत.