अमेरिकेचा आर्थिक इतिहास शिकायला निघताना

विसाव्या शतकातल्या अमेरिकेचा आर्थिक इतिहास घेऊन एम.ए. किंवा पीएच.डी. करू पाहणारी मुलं मला हमखास विचारतात, आधी केन्स वाचू की फ्रीडमन, म्हणजे मंदीत सरकारने खर्च वाढवावा म्हणणारा अर्थतज्ज्ञ की पैशाच्या पुरवठ्यावर भर देणारा? मी सांगते, दोघांनाही पहिलं सत्र थांबवून ठेवा. निर्णय घेणाऱ्या माणसाच्या टेबलावर त्या दिवशी कोणता कागद होता, कोणता आकडा होता, ते आधी बघा. वादात कोण काय म्हणतंय आणि का, हे त्यानंतर फार लवकर उमगतं.

मला ही सवय बेरोजगारीच्या आकड्यांनी लावली. १९३६ सालचा अमेरिकेतला बेरोजगारीचा दर किती? अर्थतज्ज्ञ स्टॅनली लेबरगॉट यांच्या आकडेमालिकेत तो १६.९ टक्के आहे. दुसरे अर्थतज्ज्ञ मायकेल डार्बी यांनी १९७६ साली तोच दर ९.९ टक्के काढला. वर्ष एक, देश एक, आणि सात टक्क्यांचा फरक! लेबरगॉट यांच्या मोजणीत सरकारच्या मदतकामांवर असलेली माणसं बेरोजगार धरली होती. डार्बींनी ती कामावर धरली. ही माणसं रस्ते, शाळा, पूल बांधत होती, मजुरी घेत होती. त्यांना कुठल्या रकान्यात बसवायचं यावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचं ‘न्यू डील’, म्हणजे मंदीवर उपाय म्हणून आखलेला सरकारी कार्यक्रम, कितपत यशस्वी झालं याचं बरंचसं उत्तर ठरतं. म्हणून कुठलाही तक्ता हातात आला की त्याच्या तळटिपा आधी वाचा. ते कंटाळवाणं वाटेल, पण या विषयातलं निम्मं शिक्षण तिथेच होतं.

दुसरी गोष्ट, आपल्याला आज सहज मिळणारा आकडा तेव्हा होता का, हे तपासा. राष्ट्रीय उत्पन्नाचा पद्धतशीर सरकारी अंदाज अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांच्या अहवालातून सिनेटपुढे आला तो जानेवारी १९३४ मध्ये. १९२९ ते १९३२ या महामंदीच्या काळात उत्पन्न जवळजवळ निम्म्यावर आल्याचं त्यात दिसलं. तोवर रूझवेल्टच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांना पायउतार होऊन दहा महिने झाले होते. त्यांच्या काळात मंदीचा अंदाज घ्यायचा तो मालगाड्यांची भरती, पोलादाचं उत्पादन, शेअरचे भाव यांवरून. हे लक्षात ठेवून त्यांची भाषणं वाचली की ती निराळी वाटतात. मी त्यांची पाठराखण करत नाही. आयातशुल्क वाढवणाऱ्या स्मूट-हॉली कायद्याविरुद्ध हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी निवेदन दिलं होतं आणि तरीही त्यांनी जून १९३० मध्ये सही केली. तो कागद मात्र टेबलावर होता.

मूळ साधनांसाठी विमानाचं तिकीट लगेच काढायला नको. सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा ‘फ्रेझर’ हा डिजिटल संग्रह फुकट आहे. अमेरिकेची मध्यवर्ती बँक चालवणाऱ्या रिझर्व्ह बोर्डाचे वार्षिक अहवाल, काँग्रेससमोरच्या (म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोरच्या) साक्षी, जुनी परिपत्रकं, सगळं तिथे सापडतं. सरावाला १९३७ ची मंदी घ्या. १९३६-३७ मध्ये बोर्डाने बँकांनी ठेवायच्या राखीव निधीचं प्रमाण टप्प्याटप्प्याने दुप्पट केलं. बँकांकडे पडून असलेल्या जादा निधीतून उद्या महागाई भडकेल ही भीती त्या अहवालांत स्पष्ट दिसते. त्याच सुमारास सरकारी खर्च आखडला, सामाजिक सुरक्षेचा नवा कर सुरू झाला. मंदी नेमकी कशाने आली यावर आजही एकमत नाही, आणि म्हणूनच नवशिक्याला हा विषय उत्तम.

व्यक्तींच्या पातळीवर काम करायचं असेल तर जनगणना. अमेरिकेत जनगणनेच्या नोंदी ७२ वर्षांनी नावांसकट खुल्या होतात. १९४० च्या नोंदी २०१२ मध्ये खुल्या झाल्या, १९५० च्या २०२२ मध्ये. १९४० ला पहिल्यांदा मजुरीचं उत्पन्न आणि शिक्षण विचारलं गेलं. मदतकामावर आहात का, हेही विचारलं होतं! मिनेसोटा विद्यापीठाच्या ‘इपम्स’ प्रकल्पातून हा साठा वापरण्याजोग्या रूपात मिळतो. त्यासाठी स्टाटा किंवा आर या संख्याशास्त्राच्या संगणक-प्रणालींपैकी एक तरी नीट यायला हवं.

विभाग निवडताना विचार करा. अर्थशास्त्र विभागात पहिलं वर्ष सिद्धान्त आणि अर्थमितीतच (आर्थिक आकडेवारीच्या संख्याशास्त्रात) जातं, इतिहास नंतर. इतिहास विभागात अभिलेखागार लवकर भेटतं, पण संख्याशास्त्र स्वतःहून शिकावं लागतं. गणिताची भीती नसेल तर मी पहिला रस्ता सुचवेन.

ब्रेटन वुड्स ही युद्धोत्तर चलनव्यवस्था, १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडणं, १९७९ नंतरची फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष व्होल्कर यांची व्याजदरवाढ, हे सगळं अभ्यासक्रमात येतंच. शेतीधोरण मात्र बरेचजण टाळतात, आणि मराठी विद्यार्थ्याने ते टाळू नये असं मला मनापासून वाटतं. १९३३ पासून शेतमालाला आधारभाव देण्याच्या धोरणामुळे पुढे सरकारी गोदामं धान्याने भरली. ते बाहेर काढायला १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीने परदेशांना धान्य देण्याचा पी. एल. ४८० कायदा झाला. भारताला गहू मिळाला आणि त्याची किंमत रुपयांत देता आली. १९६५-६६ च्या दुष्काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तोच गहू हात आखडून, थोडा थोडा सोडला. आपल्या घरातली वडीलधारी माणसं रेशनवरच्या ज्या लाल मिलोबद्दल (लाल ज्वारीबद्दल) बोलतात, तोही अमेरिकेच्या शेतातलाच. साठच्या दशकात धान्यापोटी मिळालेल्या त्याच रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेच्या ग्रंथालयाने, अमेरिकन विद्यापीठांसाठी भारतीय भाषांतली पुस्तकं खरेदी केली, त्यांत मराठीही होती. अमेरिकन धोरणाची ही भारतातली बाजू सांगायला मराठी वृत्तपत्रांचे जुने अंक, विधानसभेतल्या चर्चा आणि गावातल्या आठवणी लागतात. तिकडच्या संशोधकाला त्या वाचता येत नाहीत, तुम्हाला येतात. प्रवेशअर्जासोबतच्या निवेदनात हे पहिल्या परिच्छेदातच लिहा.