मोठा रीफ टँक घेताय? मराठवाड्यात या चुका टाळा

दोन फुटी रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यात प्रवाळं आणि मासे ठेवायची काचेची टाकी, नीट चालायला लागला की चार फुटीचे वेध लागतात. हौस रास्तच आहे. पाणी जास्त असलं की तापमान आणि खारटपणा झटकन बदलत नाही. पण आपल्याकडे काचेची जाडी, लाइटचे वॅट, स्टँडचा रंग हे सगळं आधी ठरतं आणि पाण्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो.

४×२×२ फुटांच्या टँकमध्ये साधारण साडेचारशे लिटर पाणी मावतं. बोअरचं पाणी जड, म्हणजे आरओ आलाच, आणि तो एका लिटरमागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. पहिल्या भरणीलाच दीड हजार लिटर धरून चाला. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं एप्रिलमध्ये टँक भरायला घेतलात तर घरचेच तुम्हाला बाहेर काढतील. दिवाळीनंतर भरा, आणि वाया जाणारं पाणी ड्रममध्ये धरून फरशी पुसायला वापरा.

स्वयंपाकघरातला आरओ चालेल का? बहुतेक वेळा नाही. चवीसाठी त्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरलची नळी असते, काहींत तांबंही. तांबं कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळांना विषच. जारचं पाणीही टीडीएस मीटर लावल्याशिवाय घेऊ नका. आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावून टीडीएस शून्य आला पाहिजे. नव्या रेतीवर सुरुवातीला तपकिरी थर येतो, तो काही आठवड्यांत आपोआप जातो. गेला नाही, तर आधी रेझिन संपलंय का बघा.

उन्हाळ्याचं म्हणाल तर पारा ४२ वर आणि प्रवाळांना हवं २५-२६ अंश. घाबरून लगेच मोठा चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घेऊ नका. आपली हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्यावर साधा पंखा सोडला तरी बाष्पीभवनानं पाणी काही अंश उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हे सुख नाही! मात्र त्याच खोलीत कूलर लावलात तर हवा ओलसर होते आणि पंख्याचा उपयोग कमी होतो. आटलेलं पाणी भरताना गोडं आरओ पाणीच घाला. मीठ आटत नाही, मिठाचं पाणी घातलंत तर खारटपणा चढत जातो. वरच्या मजल्यावर स्लॅब तापत असेल तर चिलर लागतोच, पण बंद कपाटात ठेवला तर तो स्वतःच्याच गरम हवेत गुदमरतो.

लाइट गेल्यावर टँकचं पाणी संपमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीत, उतरतं. तेवढी जागा संपमध्ये नसेल तर फरशीवर तळं. म्हणून मासे सोडण्याआधी पंप मुद्दाम बंद करून बघा. इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर (टँकमध्ये पाणी फिरवणारा छोटा पंप) ठेवा, चिलर नको.

टँक वरच्या मजल्यावर असेल तर इंजिनिअरला विचारा. दगड, रेती, काच धरून वजन सहाशे किलोपुढे जातं.

दगडी प्रवाळं आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. दुकानदार काहीही म्हणो, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

जुना टँक हलवताना लाइव्ह रॉक (उपयोगी जिवाणू वसलेला दगड) ओला ठेवून न्या, जुनी रेती मात्र नेऊ नका. तिच्या तळाशी साचलेली घाण एकदम पाण्यात उतरते. त्यानंतर काही दिवस रोज अमोनिया तपासा, आणि तो शून्यावर स्थिरावेपर्यंत नवा मासा आणू नका.