शाईतले डोंगर: एका मोडी वाचणारीची रीत

मी मोडी वाचते. लोक वाटणीपत्रं, सनदा, देवस्थानच्या इनामाचे कागद घेऊन येतात आणि मी ते बाळबोधीत उतरवून देते. मुलगी तैवानमध्ये तैपेईत नोकरीला असल्यामुळे तिथल्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात माझं जाणं-येणं होतं. चीनमधल्या शिकल्यासवरल्या माणसांनी शाईने काढलेली डोंगर-पाण्याची चित्रं पाहायची सवय मला तिथेच लागली. सोबत आलेले पाहुणे बहुधा लवकर कंटाळतात. सगळं करडं, सगळं सारखं म्हणतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

आधी हे लक्षात घ्या की ही पेशेवर चिताऱ्यांची चित्रं नव्हेत. दरबारी चित्रकार वेगळे. ग्वो शी याचं १०७२ सालचं वसंतारंभाचं चित्र रेशमावर आहे, दीड मीटरहून उंच, आणि समोर उभं राहिलं की माणूस दबतोच. पंडितांची चित्रं बहुधा कागदावर, आकाराने बेताची आणि कुणा ओळखीच्या माणसासाठी काढलेली. ही मंडळी सरकारी परीक्षांचा अभ्यास करत मोठी झालेली. ज्या कुंचल्याने पत्र लिहायचं त्यानेच डोंगर काढायचा, शाईही तीच. अकराव्या शतकातल्या सू शी या कवी-अधिकाऱ्याने तर लिहूनच ठेवलंय की हुबेहूबपणावरून चित्र जोखणाऱ्याची समज पोराटोरांच्या जवळची. पुढे १२७९पर्यंत मंगोलांनी सगळा दक्षिण चीन घेतला. परीक्षा बंद पडल्या त्या १३१५मध्ये पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळात शिकलेली पुष्कळ माणसं बिनकामाची झाली आणि हा चित्रप्रकार मंगोलांच्या काळातच बहरला.

त्यामुळे चित्रासमोर आलात की ‘हा डोंगर कुठला’ हे नंतर. कुणी काढलं आणि कुणासाठी, हे आधी विचारा.

सुरुवात एकाच चित्रापासून करा. माझ्या मते हुआंग गोंगवांगचं ‘फूचुन डोंगरातला निवास’ घ्यावं. हुआंगचा जन्म १२६९चा. आधी बारीकसारीक सरकारी नोकरी, मग एका प्रकरणात तुरुंग, मग ताओ पंथाची दीक्षा, पोटापाण्यासाठी भविष्य सांगणं. वयाची ऐंशी गाठताना हांगझोऊच्या नैर्ऋत्येला फूचुन नदीकाठी राहून त्याने आपल्या वू-युंग या ताओपंथी मित्रासाठी ही लांब गुंडाळी हातात घेतली. १३५० साली चित्राच्या शेवटी त्याने मजकूर लिहिलाय: तीन-चार वर्षं झाली, अजून पुरं झालेलं नाही, आणि मित्राला धास्ती की कुणीतरी ते बळकावेल, म्हणून हे त्याच्या नावाचं आहे असं आधीच लिहून ठेवतोय. माझ्याकडे येणारे निम्मे दस्त याच धास्तीतून लिहिलेले असतात.

आता पाहायला बसा. अशी आडवी गुंडाळी भिंतीवर टांगायची नसते. मेजावर ठेवून उजवीकडून सुरुवात करायची, दोन हातांमध्ये मावेल एवढाच भाग उघडा ठेवायचा, पाहून झालेला भाग उजव्या हाताने गुंडाळत डावीकडे जायचं. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर चांगली मोठी छायाचित्रं मिळतात. तिथे चित्राची उंची पडद्याच्या उंचीएवढी करा आणि उजव्या टोकापासून हळूहळू सरकवा. तैपेईतला भाग ६ मीटरहून लांब आणि जेमतेम ३३ सेंटिमीटर उंच आहे. तो सबंध एकदम पडद्यावर आणलात तर करड्या रेघेपलीकडे काही दिसणार नाही.

पहिल्या फेरीत नुसतं चाला. डोंगर जवळ येतात, दूर जातात, मध्ये रुंद पाणी लागतं, होडीत मासे धरणारा दिसतो. दुसऱ्या फेरीत चित्र मोठं करा आणि कुंचल्याच्या मागे जा.

इथे मला माझ्या कामाचा उपयोग होतो. मोडी कागदात बोरू दौतीत बुडवल्यानंतरची अक्षरं ठसठशीत असतात, मग फिकट होत जातात, मग पुन्हा ठसठशीत. कारकून कुठे थांबला, कुठे घाईत होता, कोणती ओळ मागाहून घुसवली, हे त्यावरून कळतं. हुआंगच्या डोंगरावरही तेच करा. उतारावरच्या लांब, सैल, समांतर जाणाऱ्या रेघा पाहा. चिनी परंपरेत त्यांना सुटलेल्या वाखाच्या रेघा म्हणतात. त्यांतल्या काही ओल्या आणि फिकट आहेत, त्यांच्यावर मागाहून कोरड्या, गडद रेघा आल्यात. आधी आकार फिकट शाईत बसवला, मग मनात येईल तेव्हा गुंडाळी उघडून भर घातली. काही ठिकाणी डोंगराची कड दोनदा काढलेली दिसते. झाकायचा प्रयत्नच नाही! शेवटी किनाऱ्यावर आणि खडकांवर शाईचे ठिपके. ते मोजू नका, त्यांचा ठेका पाहा: कुठे दाट, कुठे एकेकटा.

कागदाबद्दल एक सांगायला हवं. आपल्याकडच्या जुन्या दप्तरांचा कागद खळ लावून, घोटून गुळगुळीत केलेला असतो, कारण बोरूची शाई पसरून चालत नाही. चिनी चित्रकारांचा कागद बरेचदा शाई पिणारा असतो. हात रेंगाळला की डाग पसरतो, आणि खोडायची सोय नाही. शाईसुद्धा बाटलीतली नसते. काजळी आणि सरस यांची कांडी दगडावर पाण्यात उगाळायची. जास्त उगाळली तर गडद, पाणी जास्त तर फिकट. ‘एकाच शाईत पाच रंग’ असं तिकडे म्हणतात ते याच अर्थाने.

मग शिक्के आणि मजकूर. नवखा माणूस त्यांना चित्रावरची घाण समजतो. ते मालकीहक्काचे आणि वाचकांचे शेरे आहेत, आणि त्यात भलतीच गंमत असते. फूचुनच्या चित्राची एक नक्कल १७४५ साली चीनच्या छ्यानलुंग सम्राटाच्या हाती लागली. त्याला ती अस्सल वाटली, आणि तिच्यावर त्याने वर्षानुवर्षं मिळून पन्नासाहून जास्त शेरे लिहिले. दुसऱ्याच वर्षी खरी गुंडाळी दरबारात आली. सम्राटाने तिला नक्कल ठरवून विकत घेतलं आणि बाजूला ठेवलं. त्या चुकीमुळेच आज खऱ्या चित्रातलं आकाश मोकळं आहे. त्याआधी १६५० साली वू होंगयू नावाच्या मालकाने मरतेवेळी ते आपल्याबरोबर परलोकात यावं म्हणून जाळायला लावलं होतं. पुतण्याने आगीतून ओढून काढलं, पण दोन तुकडे झाले. उजवीकडचा छोटा तुकडा हांगझोऊच्या प्रांतीय संग्रहालयात आहे, मोठा तैपेईत. २०११ साली ते तैपेईत शेजारी-शेजारी मांडले गेले.

हुआंग पचला की नी झान (१३०१–१३७४) घ्या. श्रीमंत घरातला हा माणूस मालमत्ता सोडून ताई सरोवराच्या परिसरात होडीतून फिरत राहिला. नोकरांकडून बागेतली झाडं धुऊन घ्यायचा, असं त्याच्या सोवळेपणाबद्दल सांगतात. त्याचं १३७२चं ‘रोंगशी’ कुटीचं उभं चित्र पाहा. खाली खडक, मोजकी झाडं, रिकामा मांडव. वर लांबच्या टेकड्या. मधे कोरा कागद, आणि तेच पाणी. माणूस कुठेच नाही. रेघा इतक्या कोरड्या की कुंचल्यात शाई होती का असं वाटावं. हे पहिल्याच दिवशी आवडलं नाही तर स्वतःवर जबरदस्ती करू नका. मलाही नी झानपेक्षा हुआंग जवळचा वाटतो.

चीनबाहेरचं एखादं घ्यायचं तर कोरियाच्या किम जॉंग-हुईचं ‘सेहान्दो’ चुकवू नका. हद्दपार होऊन जेजू बेटावर पडलेल्या किमने ते १८४४ साली काढलं. एक घर, चार झाडं, बस्स. घराचा गोल दरवाजा एका बाजूने पाहिलेला आणि छप्पर दुसऱ्याच बाजूने. सू शीचा शेरा आठवा आणि पुढे जा. हे यी सांग-जॉक या शिष्यासाठी आहे. तो दुभाष्या होता, बीजिंगला जायचा आणि पदावरून उतरलेल्या गुरूला तिथून दुर्मिळ ग्रंथ पाठवत राहिला. बाकीच्यांनी पाठ फिरवली होती. थंडी पडल्यावरच कळतं की देवदार-सुरू सगळ्यांच्या शेवटी कोमेजतात, हे कन्फ्यूशियसचं वचन किमने शेजारी लिहिलंय. यीने ते बीजिंगला नेऊन तिथल्या विद्वानांकडून अभिप्राय घेतले. मूळ चित्र जेमतेम ७० सेंटिमीटर, पण जोडत गेलेल्या लिखाणासह गुंडाळी १४ मीटरच्या पुढे गेली. आता ती सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

एक सावधगिरी. ‘आम्ही पैशासाठी काढत नाही’ हे या पंडितांचं पालुपद असतं. ते सगळं खरं धरू नका. उपकारांची फेड, भेटी, ओळखीपाळखी, क्वचित सरळ मोबदलाही, हे चालायचंच. कुणासाठी काढलं, हा प्रश्न तिथेही कामाचा.

जमलं तर एक संध्याकाळ स्वतः रेघा ओढा. खळ नसलेला हातकागद आणि टोकदार मऊ कुंचला घ्या, शाईत थोडं पाणी घाला. मनगट टेकवू नका, खांद्यापासून हात हलवा. एका बुडवणीत किती लांब जाता येतं ते पाहा. नंतर हुआंगच्या रेघांकडे परत या.

प्रत्यक्ष जाणार असाल तर आधी संग्रहालयाचं संकेतस्थळ पाहा. कागद आणि रेशीम उजेडाने खराब होतात, म्हणून ही चित्रं थोडेच दिवस बाहेर असतात आणि मग बराच काळ कोठारात. दालनात उजेड मंद असतो, डोळे सरावायला वेळ द्या. वाचायचा चष्मा न्याच. गर्दी उजव्या टोकाला असते. थांबा, रांग धरा, पण डावीकडून सुरू करू नका.