पाईपमधल्या फोर्स्ड कन्व्हेक्शनचं (ढकललेल्या प्रवाहाने उष्णता वाहून नेण्याचं) मॉडेल: या चुका टाळा

सिम्युलेशनमधला उष्णता हस्तांतरण गुणांक (भिंत आणि पाण्यातल्या तापमानाच्या दर अंश फरकामागे दर चौरस मीटरला जाणारी उष्णता) सूत्राच्या निम्माही भरला नाही की टर्ब्युलन्स मॉडेल (खळाळत्या प्रवाहाचं गणित) बदलण्याची घाई होते. आधी संदर्भ तापमान, म्हणजे भिंतीच्या तापमानातून जे वजा होतं ते, बघा.

समजा, 20 मिमी व्यासाचा 2 मीटर लांब पाईप आहे. 20 अंश सेल्सिअसचं पाणी सेकंदाला 1 मीटर वेगाने आत येतंय आणि भिंतीतून दर चौरस मीटरला 20 किलोवॉट उष्णता मिळतेय. रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह किती खळाळता ते सांगणारा) सुमारे 20,000, प्रँटल नंबर (वेग आणि उष्णता द्रवात पसरण्याच्या दरांचं गुणोत्तर) 7. खळाळत्या प्रवाहासाठीच्या डिटस-बोल्टर सूत्राने नसेल्ट नंबर (गुणांकाचं एककाविना रूप) 138 येतो, म्हणजे गुणांक साधारण 4,100 वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश. बाहेर पडताना पाणी 21.9 अंशांवर, भिंत 26.7 वर, फरक 4.8. पण फ्लुएंट हे सिम्युलेशन सॉफ्टवेअर संदर्भ तापमान डीफॉल्टने 288.16 केल्विन, म्हणजे 15 अंश धरतं. मग 20,000 ला 11.7 ने भागलं जातं आणि हाती येतात 1,700! सोडवणूक बरोबरच होती, भागाकार चुकला.

त्यामुळे गुणांक स्वतः काढा. त्या छेदावरचं पाण्याचं तापमान मास-वेटेड (वाहणाऱ्या वस्तुमानाच्या प्रमाणात वजन देणाऱ्या) सरासरीने घ्या. एरिया-वेटेड (क्षेत्रफळाच्या प्रमाणात) घेतलं तर भिंतीलगतच्या संथ, गरम थराला नको तितकं वजन मिळतं.

मेशचं (पाईपचे लहान सेल पाडणाऱ्या जाळीचं) गणितही याच पाईपवर करून बघा. वाय-प्लस (भिंतीपासूनचं एककाविना अंतर) 1 हवा असेल तर पहिल्या सेलचं केंद्र भिंतीपासून जेमतेम 17 मायक्रॉनवर येतं. प्रँटल 7 असताना तापमानाचा थर वेगाच्या थरापेक्षाही पातळ असतो, तेव्हा एसएसटी हे टर्ब्युलन्स मॉडेल वापरताना याहून बारीक ठेवलेलं बरं. वॉल फंक्शन (भिंतीलगतचा थर मेशऐवजी सूत्राने अंदाजणं) वापरायचं तर वाय-प्लस सरळ 30 च्या वर न्या. 5 ते 30 मध्ये अडकलात तर धड हेही नाही, धड तेही नाही.

लॅमिनारमध्ये (थराथराने शांत वाहणाऱ्या प्रवाहात) वेगळाच सापळा आहे. 3.66 आणि 4.36 हे नसेल्ट पूर्ण विकसित (पुढे स्वरूप न बदलणाऱ्या) प्रवाहाचे. रेनॉल्ड्स 2,000 ठेवला तर याच पाईपला तापमान विकसित व्हायला 0.05 × 2,000 × 7, म्हणजे 700 व्यास, तब्बल 14 मीटर लागतात. दोन मीटरमध्ये खरा सरासरी नसेल्ट यापेक्षा जास्तच निघणार.

डिटस-बोल्टरमध्ये प्रँटलचा घातांक द्रव तापताना 0.4, थंड होताना 0.3. रेनॉल्ड्स 10,000 च्या खाली हे सूत्र नको. 3,000 पासून ग्निलिन्स्कीचं सूत्र चालतं.

रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली तफावत) खाली गेले म्हणून थांबू नका. वरच्या उदाहरणात भिंतीतून 2,513 वॉट आत जातात. पाण्याने उचललेली उष्णता त्याच्या एक टक्क्याच्या आत जुळेपर्यंत रन चालू ठेवा.