मुंबईत शूट करताय? जागा कुणाची ते आधी बघा

प्री-वेडिंगची पहिली ऑर्डर मिळाली की नवीन मुलं लेन्स आणि ड्रेसच्या रंगांवर रात्री जागवतात. परवानगीचं मात्र 'बघू तिथं गेल्यावर'. कृपा करून असं करू नका. ग्राहकासमोर शूट थांबलं तर पैसे आणि नाव दोन्ही जातं.

मुंबईत मोकळी दिसणारी प्रत्येक जागा कुणाच्या तरी ताब्यात असते. फुटपाथ महापालिकेचा, फलाट रेल्वेचा, गोदीचा परिसर पोर्ट ऑथॉरिटीचा, सी लिंक एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाचा. एकाची परवानगी दुसऱ्याच्या हद्दीत चालत नाही. मी अडकलो तो इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कान्हेरी घ्या. बोरिवलीच्या फाटकावर तुम्ही पैसे भरता ते राष्ट्रीय उद्यानाचे, म्हणजे वनखात्याचे. आत काही किलोमीटर गेल्यावर लेण्यांचं वेगळं तिकीट लागतं, कारण लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. तिथे हौसेने फोटो काढायला हरकत नसते. पण तुम्ही ट्रायपॉड उघडलात, रिफ्लेक्टर धरायला माणूस उभा केलात की ते व्यावसायिक शूट दिसतं आणि परवानगीचा कागद मागितला जातो. खालची पावती दाखवून उपयोग होत नाही. जोडपं नटून उभं, ऊन चढत चाललेलं, आणि पहारेकऱ्याचं म्हणणं नियमाला धरून. त्याच्याशी वाद घालू नका. वसईच्या किल्ल्यातही ताबा याच खात्याचा. गेटवे मात्र राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे, म्हणजे अर्ज वेगळा, कार्यालय वेगळं.

घाबरू नका, अर्ज लिहिणं अवघड नाही. तारीख, वेळ, माणसं किती, सामान कोणतं हे स्पष्ट लिहा, ट्रायपॉडसुद्धा. पोचपावतीवर शिक्का घ्या. 'माझी ओळख आहे, करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आणि 'कोण विचारतंय!' असं शिकवणारा सीनियर कितीही सुंदर फोटो काढत असो, या बाबतीत त्याचं ऐकू नका.

ड्रोनचं थोडक्यात: 2021 च्या नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला थर्ड पार्टी विम्याची सक्ती नाही, त्यावरच्याला आहे. पण मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, त्यातून नॅनो सुटला असं गृहीत धरू नका.

आता विमा. सुरुवातीला आपण सगळेच भाड्याच्या लेन्सवर काम करतो. तुमच्या पॉलिसीत सिरीयल नंबरसकट नोंदवलेलं सामानच धरलं जातं, भाड्याची लेन्स त्यात आपोआप येत नाही. दुकानदाराला सरळ विचारा: पॉलिसी आहे का, आणि माझ्या हातून लेन्स पडली किंवा चोरीला गेली तर चालते का? डिपॉझिट म्हणजे विमा नव्हे. गाडीत ठेवलेल्या सामानाच्या अटी तर दोनदा वाचा.

लाईट स्टँड वाऱ्याने पडून कुणाला लागलं तर त्यासाठी पब्लिक लायबिलिटी पॉलिसी लागते, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या इजेची किंवा नुकसानाची भरपाई देणारा विमा. एजंटला 'नॉन-इंडस्ट्रियल' सांगा. 1991 च्या कायद्याखालची पॉलिसी घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे, ती गळ्यात पडली तर आपल्या कामाची नाही.

शूट बहुतेक वेळा रविवारी असतं आणि कार्यालयं तेव्हा बंद असतात. काही शंका असेल तर शुक्रवारी दुपारच्या आत फोन करा, आणि परवानगीची छापील प्रत कॅमेऱ्याच्या बॅगेतच ठेवा.